मीठ, साखर आणि पेशीचे दार

१९७१ चा जून महिना. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून निघालेले लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये येत होते आणि पावसाबरोबर त्यांच्या छावण्यांत कॉलरा शिरला होता. सीमेलगतच्या बनगाव येथील रुग्णालयात कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. रुग्ण शेकड्यांनी येत होते. खाटा भरल्यावर माणसे जमिनीवर, जमीन भरल्यावर बाहेर. कोलकात्याहून तिथे पाठवलेले डॉ. दिलीप महालनबीस यांना एखाद्या रुग्णाच्या शिरेत सुई घालायची झाली तर आजूबाजूच्या मैल्यात आणि उलटीत गुडघे टेकून बसावे लागे. त्यातही सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. असत्या तरी त्या लावू शकणारे हात पुरेसे नव्हते.

महालनबीस मूळचे बालरोगतज्ज्ञ. कोलकात्यातील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधन केंद्रात ते आणि त्यांचे सहकारी तोंडावाटे द्यायच्या द्रावणावर काम करत होते. पण ते काम रुग्णालयाच्या चौकटीत, मोजूनमापून, परिचारिकांच्या देखरेखीखाली चालणारे. छावणीत यातले काहीच नव्हते. तरी त्यांनी निर्णय घेतला. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असे प्रमाण ठरले. कोलकात्यातल्या केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत ही पूड मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरली जाई, पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटवली जात आणि माल बनगावला जाई. तिथे ती पिंपात पाण्यात कालवायची आणि पेल्यांनी रुग्णांना पाजायची. पाजणार कोण? रुग्णाची आई, बहीण, भाऊ, जो कोणी सोबत असेल तो. लोकांचा विश्वास सलाईनवर होता, म्हणून या द्रावणाला नाव दिले ‘तोंडाने घ्यायचे सलाईन’.

आठ-नऊ आठवड्यांत तीन हजारांहून अधिक रुग्णांवर असे उपचार झाले. आधी छावण्यांमध्ये कॉलऱ्याच्या शंभर रुग्णांपैकी तीसच्या आसपास दगावत होते. महालनबीस यांच्या नोंदीनुसार त्यांच्या रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

मीठ, साखर, सोडा आणि पाणी यांत औषध म्हणावे असे काही नाही. मग हे घडले कसे? जुलाबात पाणी जाते, ते प्यायले की भरून निघते, इतके तर कोणालाही समजते. अंगातले क्षारही जातात, म्हणून मीठ हवे, हेही पटते. पण साखर कशाला? घरोघरी विचारले तर दोन उत्तरे मिळतात: चव यावी म्हणून किंवा तरतरी यावी म्हणून. दोन्ही चूक. साखर नसेल तर मीठ आणि पाणी आतड्यातून रक्तात जायला वाटच फारशी उरत नाही. ही वाट कुठून जाते ते कळायला पेशीच्या कातडीकडे, म्हणजे पेशीपटलाकडे, पाहावे लागते.

शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ पडद्यात गुंडाळलेली असते. पडदा म्हणजे किती पातळ? मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या पाच भागांइतका. वहीच्या एका पानाच्या जाडीत असे वीसेक हजार पडदे एकावर एक मावतील. या पडद्याचे मुख्य सामान म्हणजे मेद, एका विशिष्ट प्रकारचा. त्याच्या रेणूला एक डोके असते आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी मानवते, शेपट्यांना मुळीच नाही. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दोन थरांत उभे राहतात. डोकी दोन्ही बाजूंना पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. कोणी रचावे लागत नाही. आमटीवर तेलाचा तवंग जसा आपसूक जमतो, तसेच काहीसे. फक्त इथे तवंग पाण्याच्या वर नसून दोन पाण्यांच्या मध्ये असतो.

हे दोन थर मोजले गेले त्याची गोष्ट मजेची आहे. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या रक्तपेशी घेतल्या, ॲसिटोनने त्यांतला मेद काढला आणि तो पाण्यावर पसरला. मेदाचा एकच रेणू जाडीचा थर किती जागा व्यापतो ते पाहिले. ती जागा त्या पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरली. म्हणजे प्रत्येक पेशीवर मेदाचे दोन थर असले पाहिजेत. निष्कर्ष अगदी बरोबर. पुढे लक्षात आले की त्यांच्या हिशेबात दोन चुका होत्या. ॲसिटोनने सगळा मेद निघालाच नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना खाऊन टाकले आणि उत्तर बरोबर आले. शाळेत गणिताचे मास्तर अशा उत्तराला गुण देत नाहीत. विज्ञानाने या दोघांना मात्र दिले. पाण्यावर तवंग पसरून तो मोजण्याची युक्ती तर त्याहून जुनी. ॲग्नेस पॉकेल्स या जर्मन तरुणीने घरच्या स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता ती शोधली होती आणि १८९१ मध्ये तिचे पत्र ‘नेचर’ने छापले होते.

तर, पेशीभोवती तेलकट पडदा आहे. आता त्याचे परिणाम पाहा. प्राणवायू आणि कर्ब वायू यांचे रेणू लहान आणि तेलाशी जमवून घेणारे, ते सहज आरपार जातात. पाणी थोडेथोडे झिरपते. पण मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभारित कण होतात आणि प्रत्येक कण स्वतःभोवती पाण्याच्या रेणूंचा घोळका घेऊन फिरतो. तो तेलात शिरू शकत नाही. ग्लुकोजचेही तेच, पाण्याचा लाडका, तेलाला नकोसा. पडदा नुसता मेदाचा असता तर पेशी उपाशी मेली असती.

म्हणून या पडद्यात प्रथिने रोवलेली असतात. काही आरपार गेलेली, काही एका बाजूला चिकटलेली. काही प्रथिने नळीसारखी असतात. ठरावीक कण आला की त्याला जाऊ देतात. निव्वळ पाण्यासाठीही वेगळ्या नळ्या आहेत. त्या १९९२ मध्ये पीटर एग्रे यांनी दाखवून दिल्या आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. काही प्रथिने कण धरतात, स्वतःचा आकार बदलतात आणि पलीकडे सोडतात. आणि ही सगळी प्रथिने जागच्या जागी ठोकलेली नसतात, तर मेदात तरंगत इकडेतिकडे सरकत असतात. १९७० मध्ये अमेरिकेत माणसाची आणि उंदराची पेशी जोडून एक केली गेली. दोन्हींच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगाच्या खुणा लावल्या होत्या. सुरुवातीला अर्धी पेशी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. चाळीसेक मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे मिसळले. पाठ्यपुस्तकात आज दिसते ते पेशीपटलाचे चित्र, मेदाच्या समुद्रात तरंगणारी प्रथिने, सिंगर आणि निकल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले. बनगावनंतर एक वर्षाने.

या सगळ्या प्रथिनांत दोनच आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहेत.

पहिले म्हणजे सोडिअमचा पंप. रक्तात सोडिअम भरपूर असते, पेशीच्या आत त्याच्या जेमतेम दहावा भाग. हा फरक आपोआप टिकत नाही. पडद्यातले एक प्रथिन अहोरात्र उपसा करत असते: तीन सोडिअम बाहेर, दोन पोटॅशिअम आत, आणि प्रत्येक फेरीला ऊर्जेचा एक रेणू खर्च. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप ओळखला. नोबेल मिळायला १९९७ उजाडले. माणूस निवांत पडून असतो तेव्हाही त्याच्या शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या उपशावर जातो. हे ऐकून खर्च वायफळ वाटेल. पण धरणात पाणी चढवून ठेवले की पुढे ते उतारावरून सोडून जनित्रे फिरवता येतात, तसाच हा साठा आहे. बाहेर सोडिअम दाटलेले, आत विरळ. त्यामुळे संधी मिळाली की सोडिअम आत धाव घेते आणि त्या धावेवर दुसरी कामे करून घेता येतात.

दुसरे प्रथिन हीच संधी देते. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना अन्नाकडची एक बाजू असते आणि रक्ताकडची एक. अन्नाकडच्या पडद्यात एक वाहक प्रथिन बसवलेले आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापसारखे ते सीट भरल्याशिवाय सुटत नाही. सीट तीन: दोन सोडिअमच्या, एक ग्लुकोजची. नुसते सोडिअम आले तर गाडी थांबून राहते. नुसते ग्लुकोज आले तरी तेच. तिन्ही जागा भरल्या की प्रथिन वळते आणि दोघांना पेशीच्या आत उतरवते. सोडिअम उतारावरून धावते आणि ग्लुकोजला बरोबर ओढून नेते. पलीकडे, रक्ताच्या बाजूला, पंप सोडिअमला लगेच बाहेर काढतो, ग्लुकोज वेगळ्या दाराने रक्तात उतरते आणि गाडीला पुढची फेरी मोकळी.

आणि पाणी? शरीरात पाण्याला उचलून नेणारा पंप नाही. पाणी जाते क्षार आणि साखरेच्या मागे. सोडिअम आणि ग्लुकोज आतड्यातून पलीकडे गेले की तिकडचे द्रावण दाट होते आणि पाणी पेशींमधून व पेशींमधल्या फटींमधून तिकडे ओढले जाते. प्यायलेले दोनेक लिटर आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून रोज आठ-नऊ लिटर पाणी आपल्या आतड्यात उतरते. त्यातले शौचावाटे बाहेर जाते ते पाव लिटरहूनही कमी. बाकी सगळे परत शोषले जाते.

साखर आणि सोडिअम एकाच गाडीने जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९६० मध्ये प्रागमधल्या एका परिसंवादात आकृती काढून मांडली. चर्चा साखरेच्या शोषणाची होती. कॉलऱ्याच्या वॉर्डात काम करणारे डॉक्टर त्या वेळी वेगळ्याच गोष्टीशी झुंजत होते.

कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या भिंतीत घुसत नाही. पूर्वी समज होता की या रोगात आतड्याचे अस्तरच सोलून निघते, म्हणून पोटात काही गेले तरी शोषले जाणार नाही, सलाईनशिवाय इलाज नाही. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावरच्या प्रयोगांतून दाखवले की सगळा उत्पात जंतूने सोडलेल्या एका विषाचा आहे. हे विष पेशीपटलावरच्या एका मेदाच्या रेणूला जाऊन चिकटते. म्हणजे पडद्याच्या बांधकामातलीच एक वीट त्याला कडी म्हणून सापडते. मग विषाचा एक तुकडा आत शिरतो आणि पेशीतली एक कळ चालू करून ठेवतो. ती परत बंद होत नाही. परिणामी क्लोराईड बाहेर सोडणारी नळी उघडीच राहते. क्लोराईडमागे सोडिअम, दोघांमागे पाणी आतड्यात कोसळते. मीठ शोषून घेण्याची नेहमीची एक वाटही याच वेळी बंद पडते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात आणि तीव्र रोगात तासाला लिटरभरही पाणी जाऊ शकते. सकाळी हिंडता-फिरता माणूस संध्याकाळी उरत नाही तो यामुळे.

अशा वेळी नुसते पाणी प्यायले तर ते आतड्यातल्या पुरात पूर वाढवते. मिठाचे पाणी प्यायले तरी तेच, कारण मिठाची एकट्याची वाट बंद आहे. पण सोडिअम-ग्लुकोजची ती जोडगाडी? विषाने तिला हातच लावलेला नसतो. अस्तर शाबूत, गाडी शाबूत, पंप शाबूत. फक्त सीट भरायला ग्लुकोज हवे. एका दाराने पाणी वाहून जात असताना दुसऱ्या दाराने ते आत घेता येते.

हे कळायला आणि पटायला वेळ गेला. कोलकात्याचेच डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते की कॉलऱ्याच्या १८६ रुग्णांना त्यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने दिले आणि ते बरे झाले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. कारण ग्लुकोजमुळे नेमके काय होते याचे स्पष्टीकरण तेव्हा नव्हते आणि किती आत गेले, किती बाहेर आले याची मोजमापेही त्या लेखात नव्हती. दहा वर्षांनी फिलिपाइन्समध्ये अमेरिकी नौदलाचे डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांनी प्रयत्न केला. सुरुवात आशादायक होती, पण पुढच्या चाचणीतले द्रावण फार तीव्र होते आणि काही रुग्ण दगावले. काम थांबले. अखेर १९६८ मध्ये ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी एक साधी शिस्त पाळली. रुग्णाच्या अंगातून जेवढे जाते ते मोजायचे आणि तेवढेच पाजायचे. सलाईनची गरज ८० टक्क्यांनी घटली. कोलकात्यातल्या गटालाही त्याच सुमारास असेच निष्कर्ष मिळत होते. बनगावला महालनबीस यांनी जे केले ते याच्या पुढचे पाऊल: मोजणारे डॉक्टर काढून घेतले आणि पेला आईच्या हातात दिला. त्यांचा अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हा उपचार स्वीकारला, आणि १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने संपादकीयात त्याला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. हयातीत मिळाले असते तर बरे झाले असते.

मराठीत या द्रावणाला ‘जलसंजीवनी’ हे सुरेख नाव मिळाले. नाव रुजले, प्रमाणाचे महत्त्व तितके रुजलेले दिसत नाही. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरभर पाण्याला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशिअम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. सगळी मिळून साडेवीस ग्रॅम पूड. ग्लुकोज आणि सोडिअम यांचे कण या द्रावणात जवळजवळ एकास एक असतात. बनगावच्या वेळचे द्रावण याहून दाट होते. २००२ मध्ये ते पातळ केले गेले, कारण पातळ द्रावणाने मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी होतात, सलाईनची गरजही कमी पडते, असे दिसले.

साखर जास्त घातली तर काय बिघडते? गाडीच्या सीट ठरलेल्या आहेत. जास्तीची साखर आतड्यातच पडून राहते, आणि पाणी जिकडे दाट तिकडे धावते हा नियम आता उलटा लागू होतो. रक्तातले पाणी आतड्यात ओढले जाते. जुलाब वाढतात. बाटलीबंद शीतपेयात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडिअम नावापुरते. डब्यातले फळांचे रसही याच पंगतीतले. जुलाब लागलेल्या मुलाला ‘काहीतरी पोटात जातंय ना’ म्हणून हे पाजणे म्हणजे गळक्या टाकीला आणखी एक भोक पाडणे. मीठ जास्त झाले तर ते वेगळ्या तऱ्हेने धोक्याचे. तान्ह्या मुलाच्या रक्तातले सोडिअम वाढून झटके येऊ शकतात.

म्हणूनच ‘ओआरएस’ या तीन अक्षरांवरून झालेला वाद नुसता शब्दांचा नव्हता. औषधाच्या दुकानात, औषधांच्याच फळीवर, ओआरएस हे शब्द नावात मिरवणारी गोड पेये वर्षानुवर्षे विकली जात होती. सूत्राच्या कितीतरी पट साखर, आणि सोडिअम कमी. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी याचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचे छापले आहे का आणि ते किती पाण्यासाठी आहे, हे वाचायला हवे. मोठे पाकीट लिटरभर पाण्याचे असते, छोटे बहुधा २०० मिलिलिटरचे. लिटरचे पाकीट पेल्याभर पाण्यात कालवले तर द्रावण पाचपट तीव्र होते, आणि घाईत ही चूक सर्रास होते. ‘थोडेथोडे घालू’ म्हणून पाकीट चमच्याचमच्याने वापरणेही बरे नाही, कारण पुडीतले चार घटक सारखे मिसळलेले असतीलच असे नाही. पूर्ण पाकीट, सांगितलेले पूर्ण पाणी, आणि उरलेले द्रावण चोवीस तासांनी ओतून द्यायचे.

पाकीट हाताशी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आपली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. आतड्यात ती फुटते आणि गाडीला ग्लुकोज मिळते. तांदळाची मीठ घातलेली पेज तर जुन्या घरांतून आजारी माणसाला दिलीच जायची. भाताचा स्टार्चही ग्लुकोजच्याच साखळ्यांचा. त्या आतड्यात हळूहळू सुटतात, म्हणजे एकदम साखरेचा लोंढा येत नाही. आजीच्या पेजेमागे वाहक प्रथिनाचे ज्ञान होते असा दावा कोणी करू नये, पण पेज काम करत होती हे खरे. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० नंतर दहा वर्षांत सव्वा कोटींच्या आसपास घरांत जाऊन आयांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ हे माप शिकवले. शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना ठरे तो तिने किती घरे केली यावर नव्हे, तर आईला नंतर किती आठवते आणि करता येते यावर. सरकारी योजना आखणाऱ्यांनी हे एक वाक्य दोनदा वाचावे.

या उपचाराचा एक दोष आहे आणि तो लोकांच्या मनात खोल बसला आहे: जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत. तिचे काम गेलेले पाणी परत भरण्याचे. विषाने उघडी ठेवलेली नळी ती बंद करत नाही. अस्तरातल्या जुन्या पेशी गळून तीन ते पाच दिवसांत नव्या येतात, तेव्हा उत्पात आपोआप ओसरतो. तोवर माणूस तगला पाहिजे. आईबापांना मात्र जुलाब थांबवणारे काहीतरी हवे असते, म्हणून ते गोळ्या आणि प्रतिजैविके मागतात आणि ती लिहूनही दिली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात जुलाब झालेल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ओआरएस मिळाले होते. म्हणजे दहातल्या चार मुलांना नाही, ज्या देशात ते प्रथम छावणीत सिद्ध झाले तिथे. जस्ताची गोळी तर तीनातल्या जेमतेम एका मुलाला मिळाली होती. जगात अजूनही दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुले जुलाबाने मरतात.

पाजण्याची पद्धत सोपी आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २००, तेही चमच्याचमच्याने किंवा घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करायचे नाही. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसू लागली, पिता येईनासे झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर लगेच दवाखाना गाठायचा. तिथे सलाईनही लागू शकते.

आतड्यातल्या या वाहक प्रथिनाचे जनुक १९८७ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट राइट यांच्या गटाने शोधून वेगळे केले. बनगावनंतर सोळा वर्षांनी. त्याचाच एक भाऊबंद मूत्रपिंडात राहतो. मूत्रपिंड रोज रक्तातले सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळते आणि त्यातले ९० टक्के हा भाऊबंद परत आत घेतो. उरलेले आतड्यातल्यासारखेच वाहक उचलते. निरोगी माणसाच्या लघवीत साखर नसते ती या दोघांमुळे. हा भाऊबंद मुद्दाम अडवून जास्तीची साखर लघवीवाटे जाऊ देणाऱ्या गोळ्या आज मधुमेहात, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या विकारात दिल्या जातात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही त्यांची नावे. पेटंट संपल्यामुळे त्या आता स्वस्तही झाल्या आहेत आणि अनेक घरांत रोज घेतल्या जात असतील. त्या घरांनी एक गोष्ट डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावी. या गोळ्यांनी लघवीवाटे पाणीही जास्त जाते. जुलाब-उलट्या चालू आहेत, पोटात अन्न ठरत नाही, अशा दिवसांत त्या चालू राहिल्या तर अंगातले पाणी आणखी घटते आणि रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ले साठू शकतात. अशा दिवशी गोळी किती काळ थांबवायची आणि परत कधी सुरू करायची, हे चिठ्ठीवर लिहून घेतलेले बरे.